काढायचा अधिकार कुणाचा? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि फेडरल नोकरशाही

पोटोमॅककाठी | २३ सप्टेंबर २०२५

मेरीलँडमध्ये आमच्या शेजारी एक बाई राहतात. फेडरल सरकारच्या एका खात्यात बावीस वर्षं नोकरी झाली आहे त्यांची. यंदा फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी त्या फोन हातात धरून आमच्या दारात उभ्या राहिल्या. ईमेल आली होती : गेल्या आठवड्यात काय काम केलं ते साधारण पाच मुद्द्यांत लिहा आणि सोमवारी मध्यरात्रीच्या आत पाठवा. उत्तर नाही आलं तर राजीनामा समजला जाईल, ही धमकी ईमेलमध्ये नव्हती. ती राष्ट्राध्यक्षांचे तेव्हाचे सल्लागार इलॉन मस्क यांनी एक्सवर लिहिली होती. बाईंनी आत येऊन पाणीसुद्धा घेतलं नाही. एवढंच विचारलं, "मला काढायचा अधिकार नक्की कुणाला आहे?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. गेले सात महिने मिळेल ते वाचतोय. आणि काल, २२ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने रिबेका स्लॉटर यांच्या प्रकरणात (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या या सदस्यांना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलं) आदेश दिला, म्हणून आज हा धागा काढतो.

मुळापासून सांगतो. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात राष्ट्राध्यक्षाने नेमणुका कशा करायच्या ते लिहिलंय : मोठ्या पदांसाठी सिनेटची संमती, खालच्या पदांसाठी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, ठरवेल तसं. पण नेमलेल्या माणसाला काढायचं कसं? महाभियोग सोडला तर त्यावर एक अक्षर नाही. १७८९ साली पहिल्याच काँग्रेसमध्ये परराष्ट्र खातं स्थापन करताना हा वाद निघाला. घटनेचे एक शिल्पकार मॅडिसन यांचं म्हणणं होतं की काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचाच असला पाहिजे. सिनेटमध्ये मतं समसमान पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या मताने तो पक्ष जिंकला. म्हणजे या अधिकाराचा पायाच मुळी एका मतावर उभा आहे. पुढची सव्वादोनशे वर्षं भांडण चालू राहिलं त्याचं कारण मला हेच दिसतं.

अँड्र्यू जॅक्सन १८२९ मध्ये आले आणि जिंकलेल्या पक्षाने नोकऱ्या आपल्या माणसांना वाटायच्या हा रिवाज पक्का झाला. पोस्टमास्तर, जकात अधिकारी, वकिलातीतले लोक, सगळे बदलायचे. नवा राष्ट्राध्यक्ष आला की नोकरी मागणाऱ्यांची रांग व्हाइट हाउसच्या जिन्यापर्यंत यायची. १८८१ साली या रांगेत चार्ल्स गिटो नावाचा माणूस होता. त्याने राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गारफिल्ड यांच्या प्रचारासाठी एक भाषण छापून वाटलं होतं. आपल्या त्या भाषणामुळेच ते निवडून आले, अशी त्याची पक्की समजूत. मोबदला म्हणून त्याला पॅरिसच्या वाणिज्य दूताची जागा हवी होती. तो रोज जायचा, चिठ्ठ्या धाडायचा. शेवटी परराष्ट्रमंत्री ब्लेन यांनी त्याला, पॅरिसचं नाव पुन्हा काढू नकोस, असं तोंडावर सुनावलं. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर त्याने राष्ट्राध्यक्षांना मागून गोळ्या घातल्या. डॉक्टर न धुतलेली बोटं जखमेत घालून गोळी शोधत राहिले. जंतुसंसर्गाने झिजत झिजत गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले.

त्यांच्या जागी आलेले चेस्टर आर्थर स्वतः त्याच वाटपातून वर चढलेले. न्यूयॉर्कच्या जकात कचेरीचे ते मुख्य होते आणि राष्ट्राध्यक्ष हेझ यांनी त्यांना तिथून हटवलं होतं. पण जानेवारी १८८३ मध्ये पेंडलटन कायद्यावर सही केली ती याच आर्थर यांनी. नोकरी परीक्षेतल्या गुणवत्तेवर मिळेल आणि पक्षाला वर्गणी दिली नाही म्हणून ती जाणार नाही. सुरुवातीला हा कायदा जेमतेम दहा टक्के नोकऱ्यांना लागू होता. आज पोस्टखातं सोडून वीस लाखांहून जास्त नागरी कर्मचारी आहेत आणि त्यांत राष्ट्राध्यक्षाने राजकीय पसंतीने भरायच्या जागा सुमारे चार हजार. बाकीचे सगळे आमच्या शेजारणीसारखे.

त्यांच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर १९१२ पासून आहे : कामाच्या हिताचं कारण असेल तरच काढता येतं, ते कारण लेखी द्यावं लागतं आणि उत्तर द्यायला मुदत द्यावी लागते. १९७८ च्या कायद्याने त्यावर अपिलासाठी तीन सदस्यांचं एक मंडळ नेमलं, मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्ड. आता हे बघा. या मंडळाच्या कॅथी हॅरिस यांनाच यंदा काढलं गेलं आणि मंडळाची गणसंख्या गेली. खालचे न्यायिक अधिकारी निकाल देत राहिले, पण त्यावर वर दाद मागितली की कागद पडून राहू लागला. वरच्या तीन माणसांना काढता येतं की नाही हा वकिलांचा वाद वाटतो ना? लाखो लोकांचा अपिलाचा हक्क त्या तीन खुर्च्यांवर टांगलेला आहे. म्हणून मला हा विषय इतका लागतो.

---

वाटाड्या | २३ सप्टेंबर

लेख मनापासून लिहिलाय, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मी ओहायोत अकरा वर्षं राहतो, आता नागरिक आहे, मत देतो. मत राष्ट्राध्यक्षाला देतो. कुठल्याही आयोगाच्या सदस्याला नाही. घटनेचं वाक्य स्पष्ट आहे : कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षाच्या ठायी. न्यायमूर्ती स्कालिया यांनी १९८८ च्या मॉरिसन खटल्यात एकट्याने विरोधी निकाल लिहिला, त्याचा गाभा हाच की याचा अर्थ थोडी सत्ता असा होत नाही, सगळी सत्ता असा होतो.

ओरेगनमधल्या पोर्टलंडचे पोस्टमास्तर फ्रँक मायर्स यांना राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १९२० मध्ये काढलं. १८७६ चा कायदा म्हणत होता की काढायलाही सिनेटची संमती लागेल. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा तो कायदाच रद्द केला. निकाल लिहिणारे मुख्य न्यायाधीश टाफ्ट स्वतः राष्ट्राध्यक्ष राहिलेले होते, म्हणजे खुर्चीत बसून काय लागतं हे त्यांना ठाऊक होतं. ज्याला काढता येत नाही त्याच्याकडून काम कसं करून घेणार? आणि काम बिघडलं तर मतदाराने जाब कुणाला विचारायचा?

---

पोटोमॅककाठी | २३ सप्टेंबर

वाटाड्या, जबाबदारीचा मुद्दा खरा आहे. पण मायर्सच्या नऊ वर्षांनी काय झालं तेही सांगायला हवं.

विल्यम हम्फ्री हे फेडरल ट्रेड कमिशनचे सदस्य होते. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी नेमलेले, पुढचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पुन्हा नेमलेले, मोठ्या उद्योगांच्या बाजूचे. मुदत सात वर्षांची. १९३३ मध्ये रूझवेल्ट आले. त्यांनी हम्फ्रींना पत्र लिहून राजीनामा मागितला. कारण काय, तर तुमचं आणि माझं मन जुळत नाही. हम्फ्री हटेनात, तेव्हा ऑक्टोबरात त्यांना काढलं. ते मात्र, मी अजून सदस्यच आहे, असं म्हणत राहिले आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये वारले. तुंबलेल्या पगारासाठी त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने दावा लावला. (मायर्स यांच्या खटल्यातही निकाल लागेपर्यंत ते हयात नव्हते.) २७ मे १९३५ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं : कायद्यात अकार्यक्षमता, कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तन ही तीनच कारणं लिहिलेली असतील तर मन न जुळणं हे चौथं कारण राष्ट्राध्यक्षाला घालता येणार नाही.

म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी पुरोगामी राष्ट्राध्यक्ष एका पुराणमतवादी सदस्याला काढत होता आणि न्यायालयाने त्याचा हात धरला. स्लॉटर त्याच आयोगाच्या. त्यांना मार्चमध्ये काढलं. काल न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यांची हकालपट्टी तूर्त चालू ठेवली आणि हम्फ्रीचा निकाल उलटवायचा का, यावर डिसेंबरात सुनावणी ठेवली. मे महिन्यात हॅरिस आणि कामगार संबंध मंडळाच्या ग्विन विलकॉक्स यांच्या बाबतीतही तूर्तातूर्त असंच केलं होतं. फक्त फेडरल रिझर्व्ह, म्हणजे मध्यवर्ती बँक, वेगळं आहे, असं त्या आदेशात मुद्दाम लिहिलं. ऑगस्टमध्ये त्याच फेडरल रिझर्व्हच्या लिसा कुक यांना काढल्याचं राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं. खालच्या न्यायालयांनी ते थोपवलं आणि गेल्या आठवड्यात कुक व्याजदराच्या बैठकीला बसल्या.

जाब कुणाला विचारायचा, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर असं की सातच वर्षांची मुदत आणि ही तीनच कारणं काँग्रेसने कायद्यात लिहिली होती, राष्ट्राध्यक्षाने त्यावर सही केली होती. ती काँग्रेससुद्धा लोकांनीच निवडलेली.

---

अभ्यासू_पोर | २४ सप्टेंबर

काका, एक बाळबोध प्रश्न. टीव्हीवर रोज जाड काळ्या पेनाने सही करताना दाखवतात त्या एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणजे कायदाच का? मग काँग्रेस लागतेच कशाला?

(मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंजिनिअरिंग. नागरिकशास्त्र दहावीत सुटलं ते सुटलंच.)

---

पोटोमॅककाठी | २४ सप्टेंबर

बाळबोध अजिबात नाही. ऑर्डर म्हणजे आपल्याच सरकारी यंत्रणेला दिलेला हुकूम. त्याच्या मागे घटनेतला किंवा काँग्रेसच्या कायद्यातला अधिकार असावा लागतो.

१९५२ साली कोरियाचं युद्ध चालू होतं आणि पोलाद कामगारांचा संप उभा राहिला. ८ एप्रिलला ट्रुमन यांनी हुकूम काढून देशातल्या पोलाद गिरण्या ताब्यात घेतल्या. सैन्याला पोलाद हवं, हे कारण. त्याला आधार देणारा कायदा नव्हता. उलट असा अधिकार द्यायला काँग्रेसने पाच वर्षांपूर्वी नकार दिला होता. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा तो हुकूम रद्द केला आणि ट्रुमन यांनी त्याच दिवशी गिरण्या परत केल्या.

त्या खटल्यातलं न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचं वेगळं निकालपत्र आजही सगळे धरून चालतात. काँग्रेसच्या संमतीने वागतो तेव्हा राष्ट्राध्यक्ष सर्वांत बळकट. काँग्रेस गप्प असेल तर संधिप्रकाश. आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध गेला की त्याच्या हाती सर्वांत कमी बळ. हे लिहिणारा माणूस पूर्वी रूझवेल्ट यांचा ॲटर्नी जनरल होता, राष्ट्राध्यक्षाच्या बाजूने सल्ले देऊन झालेला. म्हणून त्याच्या शब्दाला मी जास्त वजन देतो.

हुकुमाने चांगलं होतं आणि भयंकरही होतं. ट्रुमन यांच्याच १९४८ च्या हुकुमाने सैन्यातला वर्णभेद मोडायला सुरुवात झाली. रूझवेल्ट यांच्या फेब्रुवारी १९४२ च्या हुकुमाने जपानी वंशाच्या सुमारे सव्वा लाख माणसांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते.

---

जर्सीकर_मनू | २४ सप्टेंबर

हे आपल्या घरात कसं येऊन पडतं ते मी सांगते.

मी २०११ मध्ये लग्न होऊन न्यूजर्सीत आले. पुण्याची बीई, चार वर्षांचा अनुभव. एच-४ म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा, त्यावर कामाची परवानगी नाही. मी तीन वर्षं लायब्ररीत जाऊन बसायचे. घरी बसलं की रडू यायचं. २०१४ च्या मे महिन्यात फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या राजपत्रात, प्रस्ताव आला : ग्रीन कार्डच्या वाटेवर ठरावीक टप्पा ओलांडलेल्यांच्या जोडीदारांना परवानगी द्यावी. हरकती व सूचना मागवल्या होत्या. मी माझी लिहिली, हजारोंनी लिहिल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये अंतिम नियम आला आणि त्यात लोकांच्या एकेका आक्षेपाला उत्तर दिलेलं होतं. विरुद्ध बाजूच्यांनाही. मी ती पानं रात्रभर वाचली.

आता गंमत नाही, गंभीर गोष्ट सांगते. २०१७ पासून तो नियम काढायचं तेव्हाच्या सरकारने यादीवर घेतलं. पण नियम काढायचा तर तीच वाट पुन्हा चालावी लागते. प्रस्ताव, हरकती, उत्तरं, कारणं. चार वर्षांत तो प्रस्ताव राजपत्रापर्यंत पोचलाच नाही. कोर्टात आव्हान दिलं तिथेही २०२४ मध्ये डीसीच्या अपील न्यायालयाने नियम उचलून धरला. माझी नोकरी दहा वर्षं टिकली ती १९४६ च्या एका कायद्यामुळे (ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसीजर ॲक्ट), ज्याचं नाव मला तेव्हा माहीतही नव्हतं.

आणि गेला शुक्रवार बघा. सही झाली, शनिवारची मध्यरात्र उलटताच लागू : एच-१बीला एक लाख डॉलर शुल्क. माझा भाऊ वडिलांच्या श्राद्धाला पुण्याला गेला होता. सर्वपित्री रविवारी. शनिवारी पहाटे कंपनीच्या वकिलांची ईमेल आली, जिथे असाल तिथून परत या. आई पुरणाची डाळ भिजत घालून बसली होती. तो तसाच द्रुतगती मार्गाने मुंबईला गेला, तिकिटाचे तिप्पट पैसे मोजले. विमान हवेत असताना खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना आणि एकदाच, आधीपासून व्हिसा असलेल्यांना नाही. श्राद्ध काकांनी केलं.

सरकार तेच, लोक तेच. एका वाटेने चार वर्षांत काही हललं नाही, दुसऱ्या वाटेने एका रात्रीत माणूस विमानतळावर. मला या दोन वाटांमधला फरक कळायला अकरा वर्षं लागली.

---

अभ्यासू_पोर | २४ सप्टेंबर

मनूताई, वाचून गलबलून आलं.

---

निवृत्त_तहसीलदार | २५ सप्टेंबर

मराठवाड्यात बत्तीस वर्षं महसुलात काढली, म्हणून थोडं लिहितो. आपल्या घटनेत हा प्रश्न मोकळा सोडलेला नाही. कलम ३१० म्हणतं, सरकारी नोकर राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो. लगेच पुढे ३११ म्हणतं, ज्याने नेमलं त्याच्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडून बडतर्फी होऊ शकत नाही आणि चौकशी केल्याशिवाय, म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय तर नाहीच. सरदार पटेलांनी घटना समितीत सनदी सेवांची बाजू लढवली ती याचसाठी, अधिकाऱ्याला मंत्र्यापुढे आपलं मत निर्भयपणे सांगता यावं म्हणून.

पण ३११ आहे म्हणून सगळं सुरळीत, असं कुणी समजू नये. आपल्याकडे काढत नाहीत, बदली करतात. एका वाळूच्या प्रकरणात पंचनामा केला आणि अकराव्या दिवशी माझ्या हातात बदलीचा आदेश होता. मुलाची दहावी होती. २००५ साली राज्यात बदल्यांचा कायदा झाला, तीन वर्षांची मुदत आली, मुदतपूर्व बदलीला लेखी कारण लागू लागलं. त्याने फरक पडला. थोडा पडला, पण पडला. लेखी कारण द्यावं लागतं तेव्हा माणूस दोनदा विचार करतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलंय.

---

वाटाड्या | २५ सप्टेंबर

तहसीलदार साहेब, तुमचा शब्द मानतो. मनूताईंचा अनुभवही. कारण लेखी द्या, लोकांचं ऐका, यावर माझा काही वाद नाही.

माझी अडचण वेगळी आहे. रोड आयलंड आणि न्यूजर्सीच्या हेरिंग पकडणाऱ्या बोटवाल्यांचं प्रकरण बघा. सरकारी निरीक्षक बोटीवर घ्यायचा आणि त्याचा खर्च, दिवसाला सातशे डॉलरपर्यंत, बोटवाल्याने द्यायचा, असा नियम खात्याने केला. बोटवाल्याकडून पैसे घ्या असं या माशांच्या बाबतीत कायद्यात कुठेही नव्हतं. १९८४ च्या शेवरॉन निकालापासून न्यायालयं म्हणत आली की कायदा संदिग्ध असेल तर खात्याचा वाजवी अर्थ मान्य करायचा. म्हणजे ज्याला कुणी निवडलं नाही त्याने नियम करायचा, अर्थही त्यानेच लावायचा. जून २०२४ मध्ये लोपर ब्राइट खटल्यात न्यायालयाने ते बंद केलं. मला ते बरोबर वाटलं. नोकरशाहीला संरक्षण द्यायचं तर तिच्या हातातली मोजपट्टी काढून घ्यायलाही हवी.

---

केतकीचं_बन | २६ सप्टेंबर

काँग्रेस कुठे गेली, हा खरा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून लिहिते. त्यातली एक मोठी गोष्ट एका आपल्याकडच्या वंशाच्या मुलामुळे घडली.

जगदीश राय चढ्ढा. केनियात जन्म, ब्रिटिश पासपोर्ट, ओहायोत शिकायला आलेला. १९७२ मध्ये व्हिसा संपला. ना केनिया घेईना ना ब्रिटन. इमिग्रेशन न्यायाधीशाने १९७४ मध्ये त्याची हद्दपारी स्थगित केली. तेव्हाच्या कायद्यात अशी सोय होती की काँग्रेसचं एक सभागृहसुद्धा ठराव करून असा निर्णय रद्द करू शकेल. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३४० नावांतली सहा नावं वेगळी काढून ठराव केला. नीट चर्चा नाही, नोंदवलेलं मतदान नाही. चढ्ढा त्या सहांत. तो लढला आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ७ विरुद्ध २ असा जिंकला : काँग्रेसला काही उलटवायचं तर दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षाची सही लागेल.

त्या माणसाला न्याय मिळाला, आनंदच आहे. पण ही एका सभागृहाच्या ठरावाची किंवा दोन्ही सभागृहांच्या बिनसहीच्या ठरावाची सोय तेव्हा शेकडो तरतुदींत होती. त्यांतच १९७६ चा राष्ट्रीय आणीबाणी कायदा. काँग्रेस आधी नुसत्या ठरावाने आणीबाणी संपवू शकत होती. चढ्ढा निकालानंतर त्यावर राष्ट्राध्यक्षाची सही लागू लागली. म्हणजे ज्याने आणीबाणी पुकारली त्याचीच. २०१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी आणीबाणी जाहीर झाली, दोन्ही सभागृहांनी विरोधात ठराव केला, राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला, दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. संपलं.

काँग्रेसने अधिकार सैल हाताने दिले, या भरवशावर की दोरी आपल्या हातात आहे. दोरी न्यायालयाने कापली. दिलेले अधिकार मात्र परत आले नाहीत.

---

पोटोमॅककाठी | २६ सप्टेंबर

केतकी, हे मला माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

वाटाड्या, मोजपट्टीचं पटतं. पण एक जोडतो. एप्रिल २०२५ मध्ये एक प्रस्ताव आला, धोरणावर परिणाम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्यांना वेगळ्या वर्गात टाकायचा, तिथे अपिलाचं संरक्षण नाही. सरकारचाच अंदाज पन्नास हजार जागांचा. २०२० च्या ऑक्टोबरात हाच विचार आला होता, बायडन यांनी येताच रद्द केला. धोरणावर परिणाम म्हणजे काय हे ठरवणारे तेच, काढणारे तेच. १८८३ च्या आधीचं दार त्यातून किलकिलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

शेजारणीबद्दल काहींनी निरोपातून विचारलं. त्यांनी पाच मुद्दे सोमवारी सकाळीच पाठवले होते. त्यांचं काम पिण्याच्या पाण्याच्या नमुन्यांच्या अहवालांचं. तिसरा मुद्दा होता : "एका लहान गावाच्या अहवालातली चूक शोधून गावाला फोन केला." अजून नोकरीत आहेत. त्यांच्या गटातले नऊपैकी चार गेले.

---

अभ्यासू_पोर | २८ सप्टेंबर

मनूताई, तुम्ही लिहिली तशी हरकत मलाही लिहायची आहे. आम्हा विद्यार्थ्यांना शिक्षण चालू असेपर्यंत राहता येतं, ते बदलून जास्तीत जास्त चार वर्षं करायचा प्रस्ताव २८ ऑगस्टला आलाय. माझी पीएचडी साडेपाच वर्षांच्या आत होणार नाही. उद्या शेवटची तारीख. पण मी नागरिक नाही, मला चालेल का?

---

जर्सीकर_मनू | २८ सप्टेंबर

चालतं रे. मी पण नव्हते. रेग्युलेशन्स डॉट गव्हवर जा, प्रस्तावाचा डॉकेट क्रमांक टाक. छापील मजकूर चिकटवू नकोस, शंभर जणांचा तोच असला तर एकच धरतात. तुझ्या प्रयोगशाळेचं लिही : पहिली दोन वर्षं अभ्यासक्रमात जातात, यंत्र कधी येतं, प्रयोग कधी सुरू होतो, चौथ्या वर्षाच्या शेवटी काम कुठे असेल, मुदतवाढीला दाखल केलेला अर्ज अडकला तर त्या यंत्राचं काय होईल. आकडे तुझ्याकडचेच दे. नेमका आक्षेप असला की त्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि नाही दिलं तर उद्या न्यायालयात तेच पान उघडतात. खासगी माहिती नको घालूस, सगळं सगळ्यांना दिसतं.

---

अभ्यासू_पोर | २८ सप्टेंबर, रात्री

दोन पानं झाली. गाइडना दाखवली, त्यांनी यंत्राच्या डिलिव्हरीची तारीख दुरुस्त केली. ११ वाजून ४० मिनिटांनी पाठवली, पावतीचा क्रमांक आलाय.